दोन नमुने, दोन वाटा

पूर्व विदर्भातील चंद्रपूर आणि गडचिरोली या अरण्यप्रधान जिल्ह्यांत अन्नातून होणाऱ्या आजारांची प्रयोगशाळेतील तपासणी कशी रुजत गेली हे पाहू लागल्यास, तो इतिहास इमारतींचा किंवा उपकरणांचा नसून मुख्यतः दोन नमुन्यांच्या प्रवासाचा आहे, असे ध्यानात येते. त्यांपैकी एक नमुना रुग्णाचा, म्हणजे त्याच्या शौचाचा, ओकारीचा किंवा रक्ताचा. दुसरा त्याने खाल्लेल्या अन्नाचा अथवा प्यायलेल्या पाण्याचा. आजार अन्नातूनच झाला हे निर्विवाद सिद्ध करायचे तर दोन्ही नमुने एकाच वेळी घेऊन त्यांतून निघणारे उत्तर एकमेकांशी ताडून पाहावे लागते. शास्त्राने ही अट एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीसच घालून दिली होती. पण कायद्याने आणि प्रशासनाने या दोन नमुन्यांना आरंभापासून दोन वेगळ्या खात्यांच्या स्वाधीन केले, आणि मुंबई-पुण्यासारख्या शहरांत फारशी न जाणवणारी ही फारकत जंगलातल्या जिल्ह्यांत मात्र ठळकपणे उघडी पडली.

एटापल्ली तालुक्यातील सूरजागड हा डोंगर आज लोहखनिजाच्या खाणीमुळे महाराष्ट्रभर ठाऊक झाला असला, तरी माडिया गोंडांच्या लेखी तो ठाकूरदेवाचा डोंगर आहे आणि तिथल्या जत्रेला खाणीपेक्षा फार जुना इतिहास आहे. अहेरी जमीनदारीच्या मुलखातला हा भाग नागपूरच्या भोसल्यांचे राज्य खालसा झाल्यावर १८५४ साली बनलेल्या चांदा, म्हणजे आजच्या चंद्रपूर, जिल्ह्यात गेला, पुढे मध्य प्रांतात राहिला, १ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भाबरोबर द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूरपासून वेगळ्या झालेल्या गडचिरोली जिल्ह्यात समाविष्ट झाला. सूरजागडाहून आलापल्ली, आष्टी, चामोर्शीमार्गे गडचिरोली सुमारे दीडशे किलोमीटर पडते आणि तिथून नागपूर आणखी पावणेदोनशेच्या घरात. जिल्ह्यातले जुने रेल्वे स्थानक म्हणजे उत्तरेच्या टोकाचे वडसा. या मुलखातला नमुना कोणत्याही काळात घेतला गेला, तरी त्याचा निकाल दुसरीकडेच लागणार, हे अंतरानेच ठरवून टाकले होते.

दोन्ही नमुने जुळवून पाहण्याच्या पद्धतीचा पहिला नामांकित दाखला जर्मनीतला आहे. १८८८ साली फ्रांकेनहाउझेन या गावी आजारी गाईचे मांस खाऊन बरेच लोक आजारी पडले आणि एक जण दगावला, तेव्हा आउगुस्ट गेर्टनर या वैद्याने त्या मांसातून आणि मृताच्या अवयवांतून एकच जिवाणू वेगळा काढून दाखवला. पुढे साल्मोनेला या नावाने ओळखल्या गेलेल्या जिवाणूंच्या कुळातला तो होता. तोवर शिळ्या किंवा नासक्या अन्नात कसलेतरी विष तयार होते, इतकेच ढोबळ उत्तर वैद्यकापाशी होते. गेर्टनरने विषाची जागा एका सजीवाला दिली आणि त्याचबरोबर अन्न आणि रुग्ण यांचे नमुने एकाच टेबलावर आले पाहिजेत, हा दंडकही घालून दिला. त्याच्या चार वर्षे आधी, १८८४ साली, रॉबर्ट कॉख यांनी कोलकात्यात पटकीचा, म्हणजे कॉलऱ्याचा, स्वल्पविरामासारखा वाकडा जिवाणू रुग्णांच्या आतड्यांत आणि तिथल्या एका तळ्याच्या पाण्यात दाखवला होता. तीही दोन नमुन्यांचीच जुळणी होती.

चांदा जिल्ह्याच्या वाट्याला ही नवी विद्या आली ती आग्र्याहून. अर्नेस्ट हॅनबरी हँकिन हे केंब्रिजमध्ये शिकलेले जिवाणुशास्त्रज्ञ १८९२ च्या सुमारास आग्र्यात सरकारी रसायन-परीक्षक आणि जिवाणुशास्त्रज्ञ म्हणून रुजू झाले आणि त्यांच्या कार्यक्षेत्रात वायव्य प्रांतांबरोबर मध्य प्रांतही येत असे. रसायन-परीक्षकाचे मूळ काम न्यायवैद्यकाचे, म्हणजे विषप्रयोगाच्या संशयावरून पाठवलेल्या मृताच्या जठरातले अवशेष तपासण्याचे; पाण्यातले आणि रुग्णातले जंतू पाहण्याचे काम त्याच मेजावर नंतर येऊन बसले. या एका नेमणुकीतूनच पुढच्या शंभर वर्षांचा ढंग दिसतो, कारण अन्नाचा नमुना सरकारदरबारी प्रथम शिरला तो आजाराचा साक्षीदार म्हणून नव्हे, तर गुन्ह्याचा पुरावा म्हणून. हँकिन यांची कीर्ती आज गंगा-यमुनेच्या पाण्यात पटकीचे जंतू मरतात या त्यांच्या १८९६ सालच्या निरीक्षणामुळे आहे. जिवाणूंना मारणाऱ्या विषाणूंच्या, म्हणजे बॅक्टेरिओफेजच्या, शोधाची ती पूर्वखूण मानली जाते. खेड्यापाड्यांपर्यंत पोहोचला तो मात्र त्यांचा दुसरा आग्रह: पटकीच्या साथीत विहिरीत पोटॅशियम परमँगनेट टाकावे, आणि पाण्याचा गुलाबी रंग काही काळ टिकेपर्यंत टाकत राहावे.

परमँगनेटच्या या लाल औषधाची जमेची बाजू अशी की त्याला प्रयोगशाळा लागत नव्हती, रंग टिकला म्हणजे काम झाले असे कोतवालालाही सांगता येत होते. आणि उणी बाजू नेमकी तीच. पाण्यात कुजका पालापाचोळा जास्त असला की रंग लगेच उडे आणि जंतू मेले की नाही हे रंगावरून कळत नसे. पुढे विरंजक चूर्णाने, म्हणजे आज ग्रामपंचायतीत जिला सर्रास टीसीएल पावडर म्हणतात तिने, परमँगनेटची जागा घेतली. परंतु रंग पाहून निकाल देण्याची रीत तशीच राहिली. आजचा जलसुरक्षक नळाच्या पाण्यात ऑर्थोटोलिडिनचे थेंब टाकून पिवळा रंग येतो का ते बघतो, त्या ओटी चाचणीचे नाते आग्र्याच्या गुलाबी विहिरीशी आहे. ओटी चाचणी पाण्यात क्लोरीन उरले आहे एवढेच सांगते. पाण्यात विष्ठेतले जंतू होते का, हे सांगायला जिल्हा सार्वजनिक आरोग्य प्रयोगशाळेत ओळीने लावलेल्या नळ्यांत पाणी उबवून किती नळ्यांत वायू धरतो ते मोजावे लागते, आणि त्यासाठी निर्जंतुक बाटलीत भरलेले पाणी शक्यतो चोवीस तासांच्या आत तिथे पोहोचावे लागते.

रुग्णाच्या नमुन्याची अडचण याहून नाजूक होती, कारण पटकीचा जंतू उन्हाळ्यात उघड्या शौचात इतर जंतूंच्या गर्दीत काही तासांत नाहीसा होई आणि बैलगाडी, टपाल आणि आगगाडी असा प्रवास करून नमुना पोहोचेपर्यंत त्यात शोधण्यासारखे काही उरत नसे. या अडचणीवरचा पहिला चांगला तोडगा हिंदुस्थानातच निघाला, ही गोष्ट पाठ्यपुस्तकांत जेवढी ठळक हवी तेवढी दिसत नाही. १९४१ साली वेंकटरमण आणि रामकृष्णन या मद्रासकडच्या दोन संशोधकांनी समुद्री मीठ आणि बोरिक आम्ल घालून एक अल्कधर्मी द्रव तयार केला. त्यात पटकीचा जंतू वाढत नाही, पण आठवडे-आठवडे जिवंत राहतो आणि त्याला झाकोळून टाकणारे इतर जंतू मात्र मागे पडतात. जंतूला खाऊ घालायचे नाही, नुसते जागे ठेवायचे, हे त्यामागचे तत्त्व. १९६४ साली केरी आणि ब्लेअर या अमेरिकन संशोधकांनी त्याच तत्त्वावर मऊ खिरीसारखे घट्टसर माध्यम केले आणि आज तालुक्याच्या रुग्णालयात ‘केरी-ब्लेअर’ या नावाने जी बुचाची नळी असते ती हीच. कापसाचा बोळा गुदद्वारात फिरवून, नळीत खोल खुपसून, काडीचा वरचा तुकडा मोडून बूच लावायचे, इतके ते सोपे आहे. मात्र प्रतिजैविकाची पहिली गोळी रुग्णाच्या पोटात जाण्यापूर्वी बोळा घ्यायला हवा, आणि ओकारी-हगवणीने गळालेला माणूस खाटेवर घालून आणला जातो तेव्हा कोणत्याही शहाण्या डॉक्टरचा हात आधी सलाइनकडे जातो.

दुसऱ्या नमुन्याची, म्हणजे अन्नाच्या नमुन्याची, वाट कायद्याने आखली. मध्य प्रांताचा भेसळ प्रतिबंधक कायदा १९१९ सालचा, मुंबई इलाख्याचा १९२५ सालचा. अशा निरनिराळ्या प्रांतिक कायद्यांच्या जागी अन्न भेसळ प्रतिबंधक कायदा, १९५४ हा देशभराचा कायदा आला आणि १ जून १९५५ पासून अमलात आला. या कायद्याच्या केंद्रस्थानी रुग्ण नव्हता, ग्राहक होता: दुधात पाणी, तुपात वनस्पती, डाळीत रंग घालून त्याला नाडणाऱ्या विक्रेत्याला शिक्षा व्हावी, हा हेतू. त्यामुळे नमुना घेण्याची पद्धतही कोर्टात टिकेल अशी रचली गेली. अन्न निरीक्षकाने पंचांसमक्ष माल पैसे देऊन विकत घ्यायचा, त्याचे तीन सारखे भाग करून बरण्यांत भरायचे, लाख लावून मोहोर करायची, एक भाग सार्वजनिक विश्लेषकाकडे पाठवायचा आणि उरलेले दोन स्थानिक आरोग्य अधिकाऱ्याकडे ठेवायचे. विश्लेषकाचा अहवाल विक्रेत्याला मान्य नसेल तर त्यांतला एक केंद्रीय अन्न प्रयोगशाळेकडे पाठवण्याची मागणी त्याला करता येई.

या पद्धतीतली एक बारीक तरतूद सबंध विषयाची किल्ली आहे. दूध, दही, खवा असे नासणारे पदार्थ विश्लेषकाकडे पोहोचेपर्यंत टिकावेत म्हणून त्यांत फॉर्मॅलिन घालावे, प्रमाण पंचवीस मिलिलिटरला दोन थेंब, असे नियमांत लिहिले होते. प्रेतागारात वापरतात तेच हे फॉर्मॅलिन. दोन थेंब पडले की दुधातली स्निग्धता, साखर, मिसळलेले पाणी हे सारे महिनाभराने मोजले तरी तसेच राहते, आणि त्याच दोन थेंबांनी त्या दुधातले झाडून सगळे जंतू मरतात. याचा अर्थ असा की ज्या बासुंदीने पंगतीतली माणसे आडवी झाली, तिचा कायदेशीर नमुना जितक्या काटेकोरपणे घेतला जाई, तितकी तिच्यात आजाराचे कारण सापडण्याची शक्यता कमी होई. यात कुणाचा हलगर्जीपणा नव्हता. प्रश्नच निराळा विचारलेला होता. विश्लेषकाला विचारले होते, ‘माल प्रमाणात आहे का?’ आणि त्याचे उत्तर त्याने चोख दिले. जंतूंच्या तपासणीसाठी काहीही न मिसळता, निर्जंतुक भांड्यात, बर्फात ठेवून पाठवायचा वेगळा नमुना पुढच्या काळातच रुळला.

हे दोन रस्ते जोडणारी एक वाट कायद्याने ठेवली होती, हे मात्र न्यायाने सांगितले पाहिजे. १९५४ च्या कायद्याच्या कलम १५ अन्वये सरकार अधिसूचना काढून एखाद्या भागातल्या डॉक्टरांना अन्नविषबाधेची प्रत्येक घटना कळवण्याचे बंधन घालू शकत होते, आणि अन्न सुरक्षा व मानके कायदा, २००६ मध्ये हीच तरतूद कलम ३५ म्हणून आली. दोन्हीकडे शब्द ‘घालू शकेल’ असाच आहे. जे करता येईल असे कायदा म्हणतो ते बहुधा होत नाही, हे प्रशासनाच्या कोणत्याही वाचकाला सांगायला नको.

झाडीपट्टीच्या, म्हणजे वैनगंगेच्या दोन्ही अंगांच्या धानाच्या मुलखाच्या, अनुभवात ही फारकत सर्वांत स्पष्ट दिसते ती लाखोळीच्या डाळीत. लाख, लाखोळी, लाखोरी ही तिची इकडची नावे. छत्तीसगडात ती तिवडा, उत्तरेत खेसरी. ब्रह्मपुरी, नागभीड, सिंदेवाही, आरमोरी, वडसा या पट्ट्यात धान कापणीच्या पंधरवडाभर आधी बांधीतल्या ओलीवरच लाखोळीचे बी फेकून देतात, नांगरट नाही, खत नाही, पाणी नाही. धान उचलून नेले की खालून हिरवी लाखोळी वर येते. या उतेरा पद्धतीत शेतकऱ्याचा खर्च जवळपास बियाण्याइतकाच. तिचे कोवळे शेंडे भाजीला होतात, डाळीचे वडे होतात, कुटार बैल खातो. पावसाने दगा दिला तरी जे एकच पीक हाती लागते, दुष्काळात माणूस त्यावरच राहतो, आणि गडबड तिथूनच सुरू होते.

लाखोळी हा एकच मुख्य आहार करून दोन-चार महिने काढले, तर काही माणसांच्या, विशेषतः तरण्या कष्टकरी पुरुषांच्या, पायांतले स्नायू ताठरतात, टाचा उचलल्या जाऊन चवड्यांवर चालावे लागते, आणि गेलेली चाल पुन्हा येत नाही. या विकाराला लॅथिरिझम हे नाव इटलीतल्या कांतानी यांनी १८७३ साली दिले. आयुर्वेदात वर्णिलेल्या कलायखंजाशी, म्हणजे कापत-लंगडत चालण्याच्या व्याधीशी, अनेक अभ्यासकांनी त्याचा संबंध जोडला आहे. युरोपात व्युर्टेम्बर्गच्या ड्यूकने या डाळीच्या पिठावर १६७१ सालीच बंदी घातली होती. मध्य भारतातले पहिले तपशीलवार वर्णन मात्र डॉक्टराचे नव्हे. ठगांच्या बंदोबस्तासाठी गाजलेले विल्यम स्लीमन यांनी सागरकडच्या गावांविषयी लिहून ठेवले की १८२९ साली गारपिटीने, पुढच्या वर्षी अवर्षणाने आणि १८३१ मध्ये तांबेऱ्याने गहू बुडाला, या तीनही वर्षी तिवडा तेवढा वाचला, लोकांनी तोच खाल्ला, आणि १८३३ पासून तिशीच्या आतल्या माणसांचे कमरेखालचे अंग लुळे पडू लागले. नमुना नाही, नळी नाही, तरी निदान अचूक. पीक, वर्ष आणि वय यांची सांगड घालूनच ते झाले.

मध्य प्रांतात १८९६-९७ आणि १८९९-१९०० असे दोन भीषण दुष्काळ लागोपाठ पडले, त्यानंतर मेजर अँड्र्यू ब्युकॅनन यांनी १८९६ ते १९०२ या काळातल्या प्रांतभरच्या लॅथिरिझमवर अहवाल लिहिला आणि तो १९०४ साली नागपुरात छापला गेला. त्यानंतर प्रश्न प्रयोगशाळेत गेला आणि तिथे साठ वर्षे भरकटला. प्राण्यांना लाखोळी चारली तर त्यांना माणसासारखा विकार होईना. १९२५ साली अँडरसन, हॉवर्ड आणि सायमनसन यांनी असे मत मांडले की दोष लाखोळीचा नसून तिच्यात तण म्हणून उगवणाऱ्या अकटा या रानवाटाण्याच्या बियांचा आहे. हे मत पुढे टिकले नाही, पण त्यामागची शंका रास्त होती, कारण बाजारातून आणलेल्या धान्याच्या नमुन्यात नेमके काय-काय आहे, हे आधी निवडून पाहिल्याखेरीज विषाचा शोध घेणे व्यर्थ असते. अखेर १९६४ साली बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील राव, अडिगा आणि शर्मा यांनी, तसेच स्वतंत्रपणे दिल्लीतील मूर्ती, शेषाद्री आणि वेंकटसुब्रमण्यम यांनी, बियांतले विषारी अमिनो आम्ल वेगळे काढले. बीओएए या आद्याक्षरांनी ते ओळखले जाते. मोठ्या प्राण्यांवर त्याचा परिणाम सहज दिसत नसताना नुकत्याच अंड्यातून निघालेल्या पिलांना ते टोचताच त्यांच्या माना वाकड्या होऊन झटके येऊ लागले. मेंदूचे रक्षण करणारा रक्तातला अडसर त्या वयात पक्का झालेला नसतो, हे त्याचे कारण. हैदराबादच्या पोषण संशोधन प्रयोगशाळेत गोपालन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६६ मध्ये दाखवले की डाळ गरम पाण्यात भिजवून ते पाणी ओतून दिले की पुष्कळसे विष निघून जाते, कारण ते पाण्यात विरघळते. दंडकारण्यातले लोक रानातल्या कडू कांद्याच्या चकत्या उकडून, टोपलीत घालून रात्रभर वाहत्या ओढ्यात ठेवतात आणि मगच खातात. तत्त्व तेच आहे, आणि कुणाच्या परवानगीवाचून पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहे.

कायदा मात्र विषाचे नाव कळण्यापूर्वीच पुढे निघून गेला होता. १९६१ च्या सुमारास अन्न भेसळ प्रतिबंधक नियमांत ४४-अ हा नियम आला आणि खेसरीच्या विक्रीवर, ती डाळ म्हणून असो वा बेसनात मिसळलेली असो, बंदी आली. मात्र ज्या तारखेपासून राज्य सरकार ठरवील त्या तारखेपासून, अशी पळवाट त्याच वाक्यात होती. मध्य प्रदेश, बिहार आणि पश्चिम बंगाल या सर्वांत जास्त लाखोळी पिकवणाऱ्या राज्यांनी बंदी लागू केली नाही, महाराष्ट्राने केली. परिणामी एकाच धानपट्ट्यातले, एकाच पद्धतीने घेतलेले पीक राज्याची सीमा ओलांडली की कायदेशीर आणि अलीकडे बेकायदा, अशी अवस्था कित्येक दशके राहिली.

बंदी आली की तिच्यासाठी चाचणी लागते. लाखोळीचा अख्खा दाणा पाचरीसारखा, कडा असलेला, करड्या रंगाचा असल्याने नजरेला ओळखू येतो, पण सोलून भरडल्यावर ती तुरीच्या आणि हरभऱ्याच्या डाळीत बेमालूम मिसळते आणि पिठात तर दिसतच नाही. म्हणून विश्लेषक पिठात सौम्य हायड्रोक्लोरिक आम्ल घालून नळी उकळत्या पाण्याच्या भांड्यात पंधरा मिनिटे उभी करतो. रंग गुलाबी झाला तर लाखोळीचा संशय पक्का धरतात. यात एक खोडा आहे. डाळ पिवळीधमक दिसावी म्हणून बाजारात घालतात त्या मेटॅनिल यलो या मनाई असलेल्या रंगावर हेच आम्ल पडले की तोही लालगुलाबी होतो, पण तो थंडीतच, आम्ल पडताक्षणी; लाखोळीचा गुलाबी मात्र तापल्यावर सावकाश चढतो. तेव्हा आम्ल ओतल्यावरचा पहिला क्षण आणि पंधराव्या मिनिटाचा शेवट या दोन्ही वेळी नळीकडे पाहणारा विश्लेषकच दोन गुन्हे वेगळे ओळखू शकतो. शंका उरली तर पिठूळ दाणे सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात.

अन्नाच्या नमुन्याची तपासणी इतकी बारकाईची असताना रुग्णाच्या बाजूला काय होते, तर काहीच नाही. लॅथिरिझम झालेल्या माणसाच्या रक्तात किंवा लघवीत आजाराची शिक्कामोर्तब खूण दाखवील अशी नेहमीच्या वापरातली चाचणी नाही. त्याची चाल पाहून आणि त्याने किती महिने काय खाल्ले ते विचारूनच निदान होते. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या वर्गवारीतल्या पायऱ्यासुद्धा तशाच आहेत: बिनकाठीचा, एका काठीचा, दोन काठ्यांचा, आणि शेवटी सरपटणारा. गुलाबी नळी सांगते की डाळीत लाखोळी आहे. तिच्यात बीओएए किती आहे हे ती सांगत नाही, आणि ती कोणी, किती दिवस, कशासोबत खाल्ली हे तर कोणतीच नळी सांगणार नाही. बीओएए मोजण्याची सोपी रंगमापन पद्धत एस. एल. एन. राव यांनी १९७८ साली दिली, तिच्यामुळे आहे-नाही याऐवजी किती, असा प्रश्न विचारणे शक्य झाले. कमी विषाचे वाण निवडणे त्यामुळेच साधले, आणि १९९० नंतर रतन, प्रतीक आणि रायपूरच्या कृषी विद्यापीठाचा महातिवडा असे वाण एकामागून एक आले. त्यांतले विषाचे प्रमाण शेकडा ०.१ च्या आसपास किंवा त्याहून कमी धरले जाते.

विदर्भात बंदीविरुद्ध आवाज उठवला तो नागपूरच्या ॲकॅडमी ऑफ न्यूट्रिशन इम्प्रूव्हमेंटचे डॉ. शांतीलाल कोठारी यांनी. डाळ दोषी नाही, दुष्काळातली एकांगी भूक दोषी आहे, हा त्यांच्या मांडणीचा गाभा. उपोषणे, निवेदने आणि न्यायालय असे सगळे मार्ग त्यांनी हाताळले आणि २००८ च्या सुमारास महाराष्ट्राने लाखोळीवरची बंदी उठवली. त्यांचा युक्तिवाद काही ठिकाणी ताणलेला वाटतो, कारण विष खोटे नव्हते. पण मिश्र आहारात थोड्या प्रमाणात येणारी लाखोळी आणि मजुरीत मिळालेली, महिनोन्‌महिने एकटी खाल्लेली लाखोळी यांत फरक करण्याची सोय बंदीच्या भाषेत नव्हती, हे त्यांचे म्हणणे खोडून काढता येत नाही. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या संशोधकांनी महाराष्ट्रातल्या लाखोळीच्या वापराची आणि लॅथिरिझमच्या सद्यःस्थितीची पाहणी २०१४ साली प्रसिद्ध केली. तीत घरोघरचा आहार, डाळीचे नमुने आणि माणसांची चाल या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या.

लाखोळीचा हा पट्टा वैनगंगेकाठचा. सूरजागडाच्या डोंगराळ भागात प्रश्न वेगळे आहेत. तिथे पावसाळ्याच्या तोंडावर रानात उगवणाऱ्या अळंब्या, बांबूचे कोवळे कोंब म्हणजे वास्ते, कंद आणि मोहफुले खाण्यात असतात. विषारी अळंबीने झालेल्या बाधेत ओकारीत अळंबीचे तुकडे मिळाले तर अनुभवी माणूस ते ओळखू शकतो. एरवी नेहमीच्या प्रयोगशाळेत त्यासाठी वेगळी सोय नसते. शिवाय पावसाळा हाच ‘गॅस्ट्रो’चा काळ, म्हणजे जुलाब-ओकारीच्या ज्या साथींना वर्तमानपत्रे सरसकट हे एकच नाव देतात त्यांचा, आणि त्याच काळात पर्लकोटेला पूर येऊन भामरागडचा रस्ता तुटतो. आश्रमशाळेच्या भोजनात दोष निघाला, तर शिजवलेला भात ठेवून दिल्यावर त्यात वाढणारा बॅसिलस सीरियस किंवा हाताच्या फोडातून पडणारा स्टॅफिलोकोकस काही तासांतच ओकाऱ्या घडवून आणतो. स्टॅफिलोकोकसचे विष तर पुन्हा उकळले तरी शाबूत राहते आणि जंतू मात्र मरतो, त्यामुळे तपासणीत जंतू मिळाला नाही म्हणजे अन्न निर्दोष, असे म्हणता येत नाही. या दोन्ही प्रकारांत उत्तर रुग्णापेक्षा पातेल्यात अधिक असते, आणि पातेले सहसा पहिल्यांदा घासले जाते.

२००४ साली केंद्र सरकारचा एकात्मिक रोग सर्वेक्षण प्रकल्प सुरू झाला आणि महाराष्ट्र त्याच्या पहिल्या टप्प्यातच होता. त्यात आठवड्याचे तीन फॉर्म असत: लक्षणांवरून गावपातळीचा आरोग्य कर्मचारी भरी तो एस, संशयित निदानावरून डॉक्टर भरी तो पी, आणि प्रयोगशाळेने पक्का केलेला एल. उपकेंद्र आणि प्राथमिक आरोग्य केंद्रांच्या मुलखात एस आणि पी भरभरून येतात. एल येतो तो जिथे नमुना पोहोचला तिथूनच. दुसरीकडे ५ ऑगस्ट २०११ पासून अमलात आलेल्या अन्न सुरक्षा कायद्यात नमुन्याचे तीनऐवजी चार भाग होतात आणि अन्न विश्लेषकाने चौदा दिवसांत अहवाल द्यायचा असतो. या भागातले ते नमुने बहुतकरून नागपूरच्या प्रादेशिक सार्वजनिक आरोग्य प्रयोगशाळेकडे जातात. सर्वेक्षण प्रकल्प आरोग्य विभागाचा, नमुना अन्न व औषध प्रशासनाचा, पाण्याची बाटली ग्रामपंचायतीची. साथ उद्भवलेल्या गावी तिघे एकाच दिवशी पोहोचले तरी सामान एका पेटीत बसत नाही: शिजलेल्या अन्नाचा डबा बर्फात हवा, आणि पटकीच्या संशयाची केरी-ब्लेअर नळी साध्या तापमानावर, बर्फापासून लांब.